अपडेट झालं, तरी रायटर उघडेना: सेशन शून्यात अडकलेल्या प्रोसेसचं प्रकरण

विंडोजवर एखाद्या प्रोग्रॅमचं अपडेट अडलं की बहुतेक जण इन्स्टॉलरला दोष देतात. फाईल नीट उतरली नसेल, अँटिव्हायरस आडवा आला असेल, ‘परत एकदा टाकून बघू’. प्रत्यक्षात इन्स्टॉलर बहुधा निर्दोष असतो. जी फाईल बदलायची ती कुठल्या तरी प्रोसेसने, म्हणजे मेमरीत चालू असलेल्या प्रोग्रॅमने, धरून ठेवलेली असते आणि ती प्रोसेस समोर दिसत नाही. अशा वेळी तीन प्रश्नांची उत्तरं मिळवावी लागतात: फाईल कोणी धरली आहे, ती प्रोसेस कुठल्या सेशनमध्ये (प्रत्येक लॉगिनची आणि विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसची वेगळी जागा) आहे आणि तिला सुरू कोण करतं. तिसरा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो आणि म्हणून तोच बिघाड आठवड्याभराने परत येतो.

पुढचं प्रकरण नमुन्याचं आहे. मांडणी छोट्या कार्यालयात सर्रास सापडणारी घेतली आहे. विंडोज आणि लिब्रेऑफिस (रायटर, कॅल्क वगैरे असलेला मोफत ऑफिस संच) त्यात जसे वागतात ते मात्र जसंच्या तसं आहे.

परिस्थिती

एका पतसंस्थेची शाखा. विंडोज ११ चा एक संगणक, त्यावर लिब्रेऑफिस २४.८. दिवसभर लिपिक त्यावर रायटरमध्ये पत्रं टाइप करतो. संध्याकाळी साडेपाचला टास्क शेड्युलरमधलं (ठरल्या वेळी कामं सुरू करणारी विंडोजची सोय) एक टास्क एक बॅच फाईल, म्हणजे कमांडची यादी, चालवतं. बॅच फाईल लिब्रेऑफिसचा बेसिक भाषेतला एक मॅक्रो (आपोआप काम करणारा छोटा प्रोग्रॅम) सुरू करते. मॅक्रो शेजारच्या सर्व्हर संगणकावरच्या सामायिक फोल्डरातून थकबाकीदारांची कॅल्कची यादी उघडतो आणि प्रत्येकाच्या नावाची मराठी नोटीस पीडीएफ करून ठेवतो. टास्क बनवताना लिपिकाचंच विंडोज अकाउंट दिलेलं आहे आणि ‘रन व्हेदर युजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट’ (युजर लॉग ऑन असो वा नसो, चालवा) हा पर्याय निवडलेला आहे. सहा वाजता लिपिक स्टार्ट मेनूतून ‘शट डाऊन’ करून घरी जातो.

शनिवारी सर्व्हर संगणक लवकर बंद झाला. सोमवारी सकाळी तक्रार आली की रायटर उघडत नाही. फाईलवर डबल-क्लिक केलं की कर्सर क्षणभर फिरतो, स्वागताची पट्टी कधी दिसते कधी नाही आणि मग काहीच होत नाही. त्रुटीचा संदेश नाही, खिडकी नाही.

कोणीतरी सुचवलं की आवृत्ती जुनी झाली, २५.२ टाका. इन्स्टॉलर चालवला. मध्येच एक संदेश आला. त्याचा आशय असा: सिस्टिम चालू असताना बदलता न येणाऱ्या काही फाईल किंवा सर्व्हिस बदलायच्या आहेत, पुढे गेलात तर काम पूर्ण होण्यासाठी रीस्टार्ट लागेल. ‘ओके’ दाबलं. शेवटी ‘आत्ता रीस्टार्ट करायचं का?’ विचारलं, तेव्हा काउंटरवर गर्दी होती म्हणून ‘नो’. संध्याकाळी रोजच्यासारखं शट डाऊन. मंगळवारी सकाळी सेटिंग्जमधल्या अ‍ॅपच्या यादीत आवृत्ती २५.२ दिसते आणि रायटर तरीही उघडत नाही. इन्स्टॉलर परत चालवून ‘रिपेअर’ दिलं, तर तोच संदेश पुन्हा.

‘काल रात्रभर मशीन बंद होतं, आता कुठली प्रोसेस अडकलेली असणार?’ हा इथला सगळ्यात फसवा युक्तिवाद. त्याच्याकडे नंतर येऊ.

लिब्रेऑफिस सुरू होतं तेव्हा

लिब्रेऑफिसचं चिन्ह दाबलं की सॉफिस.इएक्सई ही छोटी फाईल चालू होते आणि ती खरं काम करणारी सॉफिस.बिन सुरू करते. रायटर, कॅल्क, इम्प्रेस असे वेगवेगळे प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमध्ये शोधून उपयोग नाही. सगळ्यांच्या मागे एकच सॉफिस.बिन असते. खिडक्या बंद झाल्या म्हणजे ती संपलीच असंही नाही. ‘टूल्स, ऑप्शन्स’मध्ये विंडोजबरोबर लिब्रेऑफिस चढवण्याच्या पर्यायावर टिक केलेली असेल, तर क्विकस्टार्टर तिला कायम चालू ठेवतो.

नवी सॉफिस.बिन सुरू होताना आधी एक गोष्ट तपासते: याच युजर प्रोफाइलवर दुसरी सॉफिस.बिन आधीच चालू आहे का? प्रोफाइल म्हणजे युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात रोमिंग, लिब्रेऑफिस, ४, युजर या वाटेने जाणारं फोल्डर. आवृत्ती कितीही पुढे गेली तरी त्या वाटेतला ४ तसाच आहे. दुसरी प्रोसेस सापडली, तर नवी स्वतः खिडकी उघडत नाही. ‘ही फाईल उघड’ असा निरोप ती पाइपमधून (दोन प्रोसेसमधली निरोपाची वाट) आधीच्या प्रोसेसला देते आणि उत्तराची वाट पाहते. एरवी ही सोय चांगली आहे, कारण दोन प्रोसेस एकाच प्रोफाइलमध्ये लिहू लागल्या तर सेटिंग बिघडतील.

आता आधीची प्रोसेस जर न दिसणाऱ्या जागी अडकलेली असेल, तर निरोप तिकडे जातो. तिथे फाईल उघडली तरी ती कोणाच्याही पडद्यावर येत नाही आणि नाही उघडली तर नवी प्रोसेस वाट पाहत बसते. समोर बसलेल्याला दोन्ही सारखंच दिसतं, म्हणजे काहीच दिसत नाही. कधी कधी त्या दस्तऐवजाशेजारी नावाच्या सुरुवातीला टिंब आणि नागमोडी रेघ असलेली लॉक फाईल तयार झालेली सापडते. ही खूण महत्त्वाची आहे. फाईल कुठेतरी उघडली आहे, फक्त तुमच्यासमोर नाही, हे तिच्यावरून कळतं.

म्हणून २५.२ टाकूनही फरक पडला नाही. डिस्कवर फाईल नव्या आल्या, पण मेमरीत जुनी २४.८ ची सॉफिस.बिन जिवंत होती आणि नवी तिच्याकडेच निरोप पाठवत राहिली.

विंडोज फाईल कशी धरून ठेवतं

इएक्सई किंवा डीएलएल (प्रोग्रॅमचा कोड असलेल्या फाईल) चालू असताना विंडोज ती फाईल मेमरीत मॅप करून ठेवतं. तेवढा वेळ ती खोडता येत नाही, तिच्यावर लिहिताही येत नाही. मात्र त्याच ड्राइव्हवर तिचं नाव बदलता येतं. विंडोज इन्स्टॉलर या फटीचा उपयोग करतो. जुनी फाईल नाव बदलून ‘कॉन्फिग.एमएसआय’ या लपलेल्या फोल्डरात आरबीएफ विस्ताराने ठेवतो, नवी तिच्या जागी मांडतो आणि जुनी खोडण्याचं काम पुढच्या बूटवर टाकतो.

पुढे ढकललेली ही कामं रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगचा साठा) सेशन मॅनेजरच्या कीखाली ‘पेंडिंग फाईल रिनेम ऑपरेशन्स’ या व्हॅल्यूत जोडीजोडीने लिहिलेली असतात: आधी मूळ फाईल, मग नवं नाव. दुसरी ओळ रिकामी असेल तर फाईल खोडायची. बूट होताना अगदी सुरुवातीला, बाकी काही चालू व्हायच्या आत, सेशन मॅनेजर ही यादी उरकतो.

ही व्हॅल्यू हाताने खोडून ‘रीस्टार्ट पेंडिंग’चा संदेश घालवण्याचा सल्ला बराच फिरतो. तो पाळू नका. यादीत दुसऱ्या प्रोग्रॅमची आणि ड्रायव्हरची कामंही असू शकतात. ती खोडली की संदेश जातो आणि अर्धवट बदललेल्या फाईल मागे राहतात. वाचायला ही यादी उत्तम आहे, कारण कुठल्या फोल्डरातलं काय अडलं ते त्यात लिहिलेलं असतं.

रीस्टार्ट मॅनेजरला दिसून बंद का करता आलं नाही

व्हिस्टापासून विंडोजमध्ये रीस्टार्ट मॅनेजर आहे. फाईल कोण वापरतंय ते शोधायचं, त्या प्रोग्रॅमला बंद व्हायला सांगायचं आणि नंतर परत सुरू करायचं, हे त्याचं काम. साध्या प्रसंगी इन्स्टॉलर चालू प्रोग्रॅमची यादी दाखवतो आणि ‘आपोआप बंद करा’ की ‘राहू द्या, नंतर रीस्टार्ट करू’ असं विचारतो. त्याची एक मर्यादा कागदोपत्री नोंदलेली आहे: फाईल धरणारी प्रोसेस दुसऱ्या सेशनमध्ये असेल तर तो तिला बंद करत नाही आणि रीस्टार्ट लागेल एवढंच कळवतो.

त्याआधीची जुनी ‘फाईल वापरात आहेत’ ही खिडकी तर ज्या प्रोसेसना शीर्षक असलेली खिडकी आहे त्यांचीच नावं दाखवते. बिनखिडकीची प्रोसेस तिच्या यादीतच येत नाही. यादी रिकामी म्हणजे कोणी फाईल धरलेली नाही, असा अर्थ कधीच घेऊ नये.

शट डाऊन केलेला संगणक पूर्ण बंद नसतो

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असताना शट डाऊन केलं की युजरचं सेशन बंद होतं. कर्नल (विंडोजचा गाभा) आणि पार्श्वभूमीतल्या सर्व्हिस ज्यात चालतात ते सेशन शून्य मात्र बंद न होता हायबरनेशनच्या फाईलमध्ये गोठवून ठेवलं जातं. सकाळी बटण दाबलं की तेच परत मेमरीत येतं. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. सेशन शून्यात अडकलेली प्रोसेस रात्रभर वीज बंद असूनही सकाळी होती तशी समोर असते. आणि खरा बूट झालेलाच नसल्यामुळे पुढे ढकललेली फाईलची कामंही उरकली जात नाहीत.

‘रीस्टार्ट’ने दोन्ही होतं, कारण रीस्टार्टमध्ये फास्ट स्टार्टअप वापरलं जात नाही. संगणक बंदच ठेवायचा असेल तर शिफ्ट धरून ‘शट डाऊन’ दाबावं. तेव्हा तो पूर्ण बंद होतो.

लिपिकाने सोमवारी ‘नंतर रीस्टार्ट’ म्हटलं आणि संध्याकाळी शट डाऊन केलं, तेव्हा त्याच्या दृष्टीने त्याने रीस्टार्टपेक्षा जास्तच केलं होतं. त्यात त्याची चूक म्हणता येत नाही. बटणावर ‘शट डाऊन’ लिहिलेलं असताना आत वेगळंच घडतं, हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसं?

तपास, ज्या क्रमाने करावा त्या क्रमाने

पहिली नजर अप टाइमवर. टास्क मॅनेजर, ‘परफॉर्मन्स’, ‘सीपीयू’, खाली ‘अप टाइम’. रोज बंद होणाऱ्या या संगणकावर तिथे २३ दिवस दिसत होते. शंका पक्की करायला इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज, सिस्टिम’ उघडून कर्नल-बूट या स्रोताची २७ क्रमांकाची नोंद पाहायची. तिच्यात बूटचा प्रकार हेक्स आकड्यात असतो. ० म्हणजे पूर्ण बूट, १ म्हणजे फास्ट स्टार्टअप, २ म्हणजे हायबरनेशनमधून जाग. मागच्या सगळ्या सकाळी १ होता.

मग टास्क मॅनेजरचा ‘डिटेल्स’ टॅब. ‘प्रोसेसेस’ टॅबवर वेळ घालवू नये, तिथे एरवी खरी फाईलनावं आणि सेशन दिसत नाहीत. ‘डिटेल्स’मध्ये कॉलमच्या मथळ्यावर उजवं क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘सेशन आयडी’, ‘युजर नेम’ आणि ‘कमांड लाइन’ या तीन कॉलमवर टिक करायची. टास्क मॅनेजर अ‍ॅडमिन म्हणून चालवलेला हवा, नाहीतर दुसऱ्या सेशनमधल्या प्रोसेसची कमांड लाइन रिकामी दिसते.

नावानुसार लावल्यावर सॉफिस.बिन तीनदा दिसली. दोन लिपिकाच्या चालू सेशनमधल्या, म्हणजे सकाळपासून केलेल्या दोन डबल-क्लिकच्या वाट पाहणाऱ्या प्रोसेस. तिसरीच्या रांगेत युजर तोच, पण सेशन आयडी ०. कमांड लाइनमध्ये ‘मॅक्रो’ शब्द, तीन तिरप्या रेघा आणि नोटिसांच्या मॉड्यूलचं नाव. गाठ इथेच सुटली. आणखी एक बारकावा त्याच पडद्यावर होता. लिपिकाच्या स्वतःच्या सेशनचा आकडा २१ होता. पूर्ण बूटनंतर पहिलं लॉगिन सहसा १ असतं. पुढे प्रत्येक लॉगिनला नवा आकडा मिळतो. एकट्या माणसाच्या संगणकावर हा आकडा विशीत दिसला, की मशीन खूप दिवसांत नीट रीस्टार्ट झालेलं नाही हे समजावं.

फाईल नेमकी कोणी धरली आहे हे स्वतंत्रपणे पाहायचं असेल तर पॉवरटॉइजमधलं फाईल लॉकस्मिथ सोपं आहे. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या लिब्रेऑफिसच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून ते चालवायचं आणि त्याच्याच खिडकीतून अ‍ॅडमिन म्हणून परत सुरू करायचं. सिसइंटर्नल्सच्या प्रोसेस एक्सप्लोररमध्ये ‘फाइंड’ मेनूतून हँडल (प्रोसेसने उघडलेल्या फाईलला मिळालेला क्रमांक) किंवा डीएलएल शोधता येतं. काहीच नवं टाकायचं नसेल तर विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर आहे: ‘सीपीयू’ टॅब, ‘असोसिएटेड हँडल्स’, शोधाच्या चौकटीत लिब्रेऑफिस.

हे शोधताना आणखी काही नावं हमखास येतात, त्यांना घाबरू नये. लिब्रेऑफिस विंडोज एक्सप्लोररला स्वतःच्या डीएलएल जोडतं, म्हणजे फोल्डरात फाईलची माहिती आणि छोटं चित्र दिसतं. त्यामुळे एक्सप्लोरर.इएक्सई यादीत असते. दस्तऐवजाच्या आतला मजकूर शोधता यावा म्हणून एक फिल्टर विंडोज सर्चला जोडलेला असतो, म्हणून सर्चची प्रोसेसही असू शकते. एक्सप्लोररला टास्क मॅनेजरमधून ‘रीस्टार्ट’ द्यायचं. सर्चसाठी सर्व्हिसेसमधून ‘विंडोज सर्च’ तेवढ्यापुरतं थांबवायचं. या दोघांमुळे फार तर रीस्टार्ट मागितलं जातं. रायटर न उघडण्याशी त्यांचा संबंध नसतो.

शेवटी टास्क शेड्युलर. नोटिसांच्या टास्कसमोर ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये ४१३०१ हा कोड, म्हणजे टास्क अजून चालू आहे. सुरू झाल्याची वेळ शनिवार, साडेपाच.

ते का अडकलं

मॅक्रो लिहिणाऱ्याने चुकीसाठी एक शाखा ठेवली होती. यादीची फाईल मिळाली नाही तर मेसेज बॉक्स दाखवायचा: ‘फाईल सापडली नाही’, खाली ‘ओके’. टेबलावर बसून मॅक्रो चालवला तर हे अगदी बरोबर आहे. पण ‘लॉग ऑन असो वा नसो’ असं दिलेलं टास्क सेशन शून्यात चालतं आणि व्हिस्टापासून सेशन शून्याचा डेस्कटॉप युजरच्या डेस्कटॉपपासून वेगळा केलेला आहे. तिथे आलेला मेसेज बॉक्स कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. शनिवारी सर्व्हर बंद होता, यादी मिळाली नाही, बॉक्स आला आणि ‘ओके’ दाबणारं कोणी नव्हतं.

नव्या टास्कची मूळ वेळमर्यादा तीन दिवसांची असते. म्हणजे शेड्युलर स्वतःहून हात घालेपर्यंत तीन कामाचे दिवस जाऊ शकतात. शिवाय ‘आधीचं चालू असेल तर नवं सुरू करू नका’ हा मूळ पर्याय असल्याने सोमवारी नोटिसा निघाल्याच नाहीत. त्याची तक्रार कोणी केली नव्हती, कारण सगळ्यांचं लक्ष रायटरकडे होतं. अशा वेळी ‘आणखी काय व्हायला हवं होतं आणि झालं नाही?’ हे विचारावं. पुष्कळदा धागा तिथेच लागतो.

दुरुस्ती

आधी टास्क ‘डिसेबल’ करायचं. ‘एंड’ देऊन भागत नाही. साडेपाच वाजले की अपडेटच्या मध्येच ते परत उभं राहील. बॅच फाईलमधून सुरू झालेली सॉफिस.बिन ‘एंड’बरोबर संपेलच, हेही गृहीत धरू नये. क्विकस्टार्टर चालू असेल तर तो पर्याय काढायचा.

मग लिपिकाच्या प्रोफाइलचं फोल्डर, वर सांगितलेलं ‘४’, दुसरीकडे कॉपी करून ठेवायचं. त्यात टेम्प्लेट, ऑटोटेक्स्ट, मॅक्रो आणि युजरने स्वतः भरलेले शब्दकोश असतात. मराठीत वर्षानुवर्षं टाइप करणाऱ्याच्या शब्दकोशात आडनावं आणि गावांची नावं भरलेली असतात. ती गेली तर परत कोण भरणार? या पायरीला दोन मिनिटं लागतात आणि ती कधीच टाळू नये.

त्यानंतर ‘डिटेल्स’मध्ये सेशन शून्यातल्या सॉफिस.इएक्सईवर उजवं क्लिक, ‘एंड प्रोसेस ट्री’. मग बाकीच्या दोन. ‘एंड टास्क’ऐवजी ‘ट्री’ अशासाठी, की पालक प्रोसेस गेली आणि मूल राहिलं असं होऊ नये. याच वेळी एमएसआयएक्सेक.इएक्सईला (विंडोज इन्स्टॉलरची प्रोसेस) हात लावू नये. इन्स्टॉलर चालू असताना तिला मारलं तर स्थापना अर्धवट राहते आणि पुढच्या प्रयत्नाला दुसरं इन्स्टॉलेशन चालू असल्याचं सांगणारी १६१८ त्रुटी येऊ शकते.

आता ‘रीस्टार्ट’. शट डाऊन नाही. वर आल्यावर कर्नल-बूटची २७ क्रमांकाची ताजी नोंद पाहायची, तिथे ० हवा. टास्क मॅनेजरमध्ये सॉफिस.बिन एकही नको. तेवढ्यानेच या संगणकावर रायटर उघडला, कारण २५.२ च्या फाईल सोमवारीच डिस्कवर आल्या होत्या. तरीही यानंतर एकदा ‘रिपेअर’ चालवावं. अर्धवट रीस्टार्टच्या काळात कुठली डीएलएल जुनी राहिली असेल, तर आज रायटर चालेल आणि महिन्याने कॅल्कमध्ये चार्ट टाकताना प्रोग्रॅम पडेल. तेव्हा त्याचा या दिवसाशी संबंध जोडणं कोणालाच जमणार नाही.

‘रिपेअर’ लॉगसह चालवावं. एमएसआयएक्सेकला ‘एल’, तारा आणि ‘व्ही’ हा स्विच देऊन लॉग फाईलचं नाव दिलं की सविस्तर लॉग मिळतो. (स्विच आणि कमांड अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.) लॉगमध्ये वाचताना एक घोटाळा होतो. ‘एरर १६०३’ म्हणजे स्थापना पूर्ण फसली. ‘इन्फो १६०३’ मात्र निव्वळ माहिती आहे: अमुक फाईल अमुक प्रोसेसने धरली आहे, तिचा आयडी हा, खिडकीचं शीर्षक ‘अजून ठरलेलं नाही’. दोन्हींचा आकडा एकच असल्याने माणसं दुसरी ओळ पाहून स्थापना फसली समजतात. खरं तर तीच ओळ हवी असते, तिच्यात गुन्हेगाराचं नाव असतं. लॉगच्या शेवटी ३०१० आला तर काम यशस्वी, रीस्टार्ट बाकी. ० आला तर सगळं झालं. लॉग घ्यायचा राहून गेला असेल तर इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘अ‍ॅप्लिकेशन’ लॉगमध्ये एमएसआयइन्स्टॉलरची १०३८ क्रमांकाची नोंद रीस्टार्ट हवं असल्याचं सांगते आणि रीस्टार्ट मॅनेजरच्या १०,००० पासूनच्या नोंदीही तिथेच सापडतात.

आवृत्ती तीन ठिकाणी जुळवायची: सेटिंग्जमधली अ‍ॅपची यादी, ‘हेल्प, अबाउट’ आणि प्रोग्रॅमच्या फोल्डरात सॉफिस.बिनच्या ‘प्रॉपर्टीज, डिटेल्स’मधला आकडा. पहिलं आणि तिसरं नवं असून दुसरं जुनं असेल, तर जुनी प्रोसेस मेमरीत आहे. पहिलंच नवं आणि बाकी दोन जुनी असतील, तर फाईल बदललेल्याच नाहीत.

जे करू नये

सेफ मोडमध्ये जाऊन अपडेट करण्याचा उपाय इथे चालत नाही. सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलर सर्व्हिस मुळात चालू होत नाही, त्यामुळे एमएसआय (इन्स्टॉलरची फाईल) लगेच १६०१ त्रुटी देते. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधलं फोल्डर हाताने खोडलं तर इन्स्टॉलरच्या नोंदी तशाच राहतात आणि नंतर धड काढताही येत नाही, धड टाकताही येत नाही. चालू प्रोसेसच्या हातातून हँडल जबरदस्तीने सोडवणारी साधनं सगळ्यात धोक्याची. प्रोसेसला ते कळत नाही, ती त्याच क्रमांकावर लिहीत राहते आणि तो क्रमांक तोवर दुसऱ्याच फाईलला मिळालेला असू शकतो. प्रोसेस बंद करा. तिला जिवंत ठेवून तिची फाईल काढून घेऊ नका.

परत होऊ नये म्हणून

सर्वांत मोठा बदल टास्कमध्ये. त्याला स्वतःचं वेगळं लिब्रेऑफिस प्रोफाइल द्यायचं. कमांडमध्ये हायफनसह ‘एन्व्ह’, कोलन, ‘युजरइन्स्टॉलेशन’, बरोबरचं चिन्ह आणि पुढे फाईल यूआरएलच्या रूपात वेगळ्या फोल्डराचा पत्ता. फाईल आणि कोलनच्या पुढे तीन तिरप्या रेघा लागतात आणि विंडोजची उलटी तिरपी रेघ तिथे चालत नाही. हे केलं की टास्क अडकलं तरी लिपिकाचा रायटर त्याला निरोप पाठवत नाही. दोघांचे पाइप वेगळे होतात. नव्या प्रोफाइलमध्ये लिपिकाचे मॅक्रो आपोआप येत नाहीत. नोटिसांचं मॉड्यूल तिथे कॉपी करावं लागतं, नाहीतर टास्क चालतं आणि करत काहीच नाही.

मॅक्रोतले सगळे मेसेज बॉक्स काढून त्याजागी लॉग फाईलमध्ये तारीख-वेळेसह ओळ लिहायची आणि चूक झाली तरी दस्तऐवज बंद करून स्टारडेस्कटॉपला टर्मिनेट सांगून, म्हणजे लिब्रेऑफिसच बंद करून, बाहेर पडायचं. कमांडमध्ये ‘हेडलेस’ (खिडकीशिवाय चालणं) आणि ‘नोरिस्टोर’ हे दोन पर्याय घालायचे. दुसऱ्यामुळे आधीच्या क्रॅशनंतरची ‘दस्तऐवज परत मिळवा’ ही खिडकी येत नाही. बॅच फाईलमधून सॉफिस.इएक्सईऐवजी सॉफिस.कॉम चालवली तर त्रुटीच्या ओळी कन्सोलवर येतात आणि लॉगमध्ये वळवता येतात.

टास्कच्या ‘सेटिंग्ज’ टॅबमध्ये तीन दिवसांची मर्यादा ३० मिनिटांवर आणायची आणि ‘विनंती करूनही थांबत नसेल तर जबरदस्तीने थांबवा’ यावर टिक करायची.

टास्कसाठी वेगळं विंडोज अकाउंट काढणं आणखी चांगलं, पण त्यात दोन खाचा आहेत. ‘झेड’सारखी मॅप केलेली ड्राइव्ह ज्या लॉगिनमध्ये मॅप केली तिथेच असते. टास्कला ती दिसत नाही, म्हणून सर्व्हरचं नाव असलेला पूर्ण नेटवर्क पत्ता द्यायचा. दुसरी खाच मराठी फॉन्टची. हल्लीच्या विंडोजवर फॉन्टवर डबल-क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हटलं की तो त्या युजरपुरता बसतो. वेगळ्या अकाउंटवर चालणाऱ्या टास्कला तो मिळत नाही, लिब्रेऑफिस निमूटपणे दुसरा फॉन्ट घेतं, आणि नोटीस चार ओळींनी लांबून सहीची जागा दुसऱ्या पानावर जाते. फॉन्टवर उजवं क्लिक करून ‘सर्व युजरसाठी इन्स्टॉल’ करायचं आणि पहिल्या पीडीएफच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये एम्बेड झालेल्या फॉन्टची नावं डोळ्यांनी वाचायची.

फास्ट स्टार्टअप बंद करायचं का? ज्या संगणकावर रात्रीची किंवा आपोआप चालणारी टास्क आहेत तिथे नक्कीच. कंट्रोल पॅनेल, ‘पॉवर ऑप्शन्स’, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, वरची निळी ओळ दाबून सेटिंग मोकळी करायची आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची टिक काढायची. एसएसडी असलेल्या संगणकावर सकाळचा फरक काही सेकंदांचा असतो. नुसत्या टायपिंगच्या संगणकावर ते राहिलं तरी बिघडत नाही, फक्त प्रत्येक अपडेटनंतर ‘रीस्टार्ट’ दाबायची सवय लावायची.

हाच प्रकार क्रोममध्ये का होत नाही, असा प्रश्न येतो. क्रोम चालू असताना अपडेट आलं की नवी इएक्सई ‘न्यू क्रोम’ या वेगळ्या नावाने शेजारी ठेवली जाते आणि पुढच्या सुरुवातीला अदलाबदल होते. बाकीच्या फाईल आवृत्तीच्या नावाच्या स्वतंत्र फोल्डरात असतात. धरलेल्या फाईलला धक्काच लागत नाही. तरी क्रोम बंद केल्यावरही मागे चालू राहिलं तर तिथेही जुनीच आवृत्ती राबत राहते. त्यासाठी सेटिंग्जच्या ‘सिस्टिम’ भागात पार्श्वभूमीतले अ‍ॅप चालू ठेवण्याचा पर्याय आहे, तो बंद करावा.

टास्क परत ‘एनेबल’ केल्यावर, साडेपाच वाजायच्या आत, एक चाचणी मुद्दाम घ्यायची. सर्व्हरवरच्या यादीचं नाव तात्पुरतं बदलायचं, टास्क हाताने ‘रन’ करायचं आणि ‘डिटेल्स’ टॅब उघडा ठेवायचा. सेशन शून्यातली सॉफिस.बिन दिसायला हवी आणि थोड्याच वेळात नाहीशी व्हायला हवी, लॉगमध्ये यादी न मिळाल्याची ओळ यायला हवी आणि ती चालू असतानाच लिपिकाने उघडलेली फाईल त्याच्यासमोर उघडायला हवी. मग यादीचं नाव पूर्ववत करून टास्क पुन्हा चालवायचं, म्हणजे शनिवारपासून राहिलेल्या नोटिसा त्याच संध्याकाळी निघतात.